सात सीटची गाडी, गल्ली नंबर सहा

१४ जानेवारी २०२४, रविवार
बीपी एकशे साठ, खालचं शंभर. औरंगपुऱ्यातले डॉक्टर म्हणाले, एक गोळी, मीठ कमी, आणि राग आला की बोलायचं नाही, वहीत लिहून काढायचं. मी म्हटलं, मला राग येतच नाही. त्यावर चारुता हसली. डॉक्टरांसमोर. बायको नवऱ्याबरोबर दवाखान्यात येते ती आधार द्यायला, हसायला नाही.
वही घ्यायला गेलो तर दुकानदारानं मागच्या वर्षीची डायरी काढून दिली. म्हणाला, तारखा खोडून वापरा साहेब, कागद भारी आहे. वापरतोय.
मी मुळात शांत माणूस आहे. हे एकदा इथं लिहून ठेवतो.

२० जानेवारी, शनिवार
सोनोग्राफी झाली. जुळं आहे.
मी, चारुता, मृण्मयी, आई, बाबा मिळून पाच. अधिक दोन. सात! आमची छोटी एसयूव्ही पाच सीटची. म्हणजे कंपनी पाच म्हणते. मागं मधे बसणाऱ्याला माणूस समजलं तर पाच.
जेवताना बाबांनी भलताच विषय काढला. बाबा जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले, पण घरात अजून टिपणी ठेवल्यासारखं बोलतात. म्हणाले, हिमांशूशी फोनवर बोलणं झालंय. शहराच्या कडेच्या आपल्या या सातारा परिसरात महापालिकेचा नळ नाही, टँकरवर जगतोय, यंदा पाऊस नीट झालेला नाही. दोन बाळं आली की पाणी पुरणार नाही. तेव्हा मी आणि तुझी आई पुण्याला हिमांशूकडे जातो.
धाकटा भाऊ पुण्यात बसून थोरल्याचं घर फोडतोय. मी ठणकावून सांगितलं, कुणी कुठंही जाणार नाही. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, दुसरं सासरी, अशी रीत आहे. सातही जण इथंच राहतील. एका घरात. एका गाडीत.
ठराव: सात सीटची गाडी घ्यायची.
बाबा म्हणाले, रंगा, मी पाण्याचं बोलतोय, तू गाडीचं काय काढलंस? त्यांना मुद्दा कळला नाही. वय झालं.

४ फेब्रुवारी, रविवार
जालना रोडला शोरूम. सेल्समनचं नाव राजकुमार, वय बावीस-तेवीस. मला काका म्हणाला. मी अडतीसचा आहे.
आपली गाडी एक्स्चेंजला दाखवली. सहा वर्षं जीव लावला तिला. त्यानं भोवती एक चक्कर मारली, मागच्या दारावरच्या ओरखड्यावर नखानं टकटक केलं आणि असं तोंड केलं की जणू ओरखडा त्याच्या बापाच्या गाडीवर आहे. त्यानं सांगितलेली किंमत इथं लिहीत नाही, गोळी नुकतीच घेतली आहे.
टेस्ट ड्राइव्हला सगळे नेले. आईला तिसऱ्या रांगेत बसवलं. बाबा पुढंच बसणार, कारण बाबा. आई मागून म्हणाली, अरे, माझे गुडघे माझ्या हनुवटीला लागतायत. राजकुमार म्हणाला, आजी, तिसरी रांग मुलांसाठी असते. मी म्हटलं, मुलंच होणार आहेत, दोन. बुक केली. रंग पांढरा. डिलिव्हरी पाडव्याला.
चारुताला विचारलं नाही असं ती म्हणते. ती गाडीतच बसली होती!

११ फेब्रुवारी, रविवार
पोर्च मोजला. बाबांनी टेप आणून दिली, जिल्हा परिषदेच्या काळातली. मी घेतली नाही. कॉलेजात एनसीसीत होतो, माझं पाऊल बरोब्बर तीन फुटांचं पडतं. पाच पावलं मावली, पुढं थोडी जागा उरली. म्हणजे सोळा फूट. गाडी साडेपंधरा. आरामात बसेल.
बाबांनी मी वळल्यावर टेपनं मोजलंच. साडेतेरा म्हणाले. टेप जुनी आहे, ताणली गेली असणार. सरकारी वस्तू.
ठराव: लहानसहान गोष्टींवरून बाबांशी वाद घालायचा नाही. मोठ्या गोष्टी माझ्या मी ठरवतो.

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा
शुभ दिवस.
सकाळी जुनी गाडी शोरूमला सोडली. मृण्मयी तिच्या मागच्या काचेला गाल लावून रडली. दुसरीतली मुलगी, तिला एवढं कळू नये? मी ओरडलो नाही. मोठ्यानं बोललो.
नवी गाडी आणली. आईनं कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, मी नारळ फोडला. मग पोर्चमध्ये घेतली. पुढचा बंपर भिंतीला टेकला तरी मागचा भाग गेटच्या बाहेर. गेट लागेना. बाबा शेजारीच होते. टेप हातात घेऊन उभे होते, एवढंच. ते उभं राहणं मी विसरणार नाही.
दोष बिल्डरचा आहे. नकाशात पोर्च मोठा दाखवला होता. तूर्तास गाडी बाहेर, गल्लीत, आमच्या भिंतीला लागून. नकाशावर गल्ली वीस फुटांची आहे. प्रत्यक्षात प्रत्येकानं आपापला रॅम्प बाहेर काढून ती बारा-तेरा करून ठेवली आहे. लोकांना नागरिकत्वाची जाणीवच नाही. (आपला रॅम्प उतारासाठी आवश्यक होता.)
समोरचे रामकिसनभाऊ आले. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. गल्लीतल्या अकरा घरांच्या टँकरचा नंबर तेच लावतात, वही ठेवतात, सगळे त्यांचं ऐकतात. गाडीला हात लावून म्हणाले, गाडी लई झ्याक हाय साहेब, पण बद्रीनाथचा टँकर रिव्हर्समधी इथूनच येतो. तेवढं बघा. मी म्हटलं, बघतो. माणूस साधा आहे, पण पेढा तोंडात असताना असं बोलतात का?

२१ एप्रिल, रविवार
सहकुटुंब पहिला प्रवास. देवगाव रंगारीला सारजाबाई आत्याकडे. ती फोनवर म्हणाली, या रे, समदे या, पर येताना पाण्याचे जार घेऊन या, हीर आटली. लोक पाहुण्यांकडे मिठाई मागतात, आमची आत्या पाणी मागते. तिच्यावर नाही, एकंदर परिस्थितीवर राग आला.
सहा जार घेतले. तिसरी रांग आडवी करून तिथं ठेवले. बाकी आम्ही पाच. म्हणजे गाडी पुन्हा पाच सीटची झाली. हे चारुतानं मोठ्यानं बोलून दाखवायची गरज नव्हती.
चारुताचे पाय सुजतात. दौलताबादनंतर तिला तीनदा उतरावं लागलं. आईला गाडी लागली, नव्या मॅटवर. बाबा प्रत्येक स्पीडब्रेकरच्या आधी स्पीडब्रेकर म्हणत होते. मी शांतपणे चालवली. मधे एकदाच गाडी थांबवून खाली उतरलो आणि दोन मिनिटं शेताकडं तोंड करून बोललो. शेतात कुणी नव्हतं, पीकही नव्हतं.
आत्या जार बघून रडली. गाडीकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

२७ एप्रिल, शनिवार
गाडीवर इतकी धूळ बसली होती की मृण्मयीनं बोटानं बोनेटवर घर काढलं. दुपारी सगळे झोपलेले पाहून दोन बादल्या घेतल्या आणि धुतली. दोनच. चारुतानं ते पाणी कपड्यांसाठी धरून ठेवलं होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रामकिसनभाऊंच्या मुक्ताबाई गच्चीवरून बघत होत्या. म्हणाल्या, धुवा धुवा भाऊ, आमी तोंड पुसून दिस काढतो.
चारुता मला काही बोलली नाही. आईशी बोलली, मला ऐकू जाईल असं.
ठराव: पाऊस पडेपर्यंत गाडी धुवायची नाही. फक्त काचा.

३ मे, शुक्रवार
जे झालं ते क्रमानं लिहितो, म्हणजे दोष कुणाचा ते स्पष्ट होईल.
एक. मी चितेगावला कंपनीच्या बसनं जातो, कारण पैठण रोडचं काम चालू आहे आणि नवी गाडी त्या खड्ड्यांत घालण्याइतका मी मूर्ख नाही.
दोन. चावी माझ्या खिशात असते. दुसरी चावी कपाटात, कपाटाची चावीही माझ्या खिशात. कारण बाबांना मधेच गाडी चालवावीशी वाटू शकते. त्यांचं लायसन संपून आठ वर्षं झाली.
तीन. आमच्याकडं शॉपफ्लोअरवर मोबाइल चालत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. नियम कंपनीचा, माझा नाही.
चार. टँकर गुरुवारी यायचा तो आज आला. बद्रीनाथनं वार पाळला असता तर काल मी घरी रजेवर होतो.
संध्याकाळी फोन काढला तर एकतीस मिस्ड कॉल. टँकर रिव्हर्समध्ये आला, आमच्या गाडीपाशी अडकला. अर्धा तास हॉर्न. बाबा आणि रामकिसनभाऊंनी अजून दोघांना घेऊन गाडी ढकलून पाहिली. हँडब्रेक मी कायम घट्ट लावतो. हलली नाही, गाडी दणकट आहे. शेवटी बद्रीनाथ म्हणाला, मला सात खेपा हायत, मी काय हितं मुक्कामाला आलोय व्हय? आणि टँकर पलीकडच्या गल्लीत रिकामा करून निघून गेला. अकरा घरं कोरडी. पुढचा नंबर नऊ तारखेला.
मी आलो तेव्हा सगळे आपापल्या गेटवर उभे होते. कुणी ओरडलं असतं तर मीही ओरडलो असतो. रामकिसनभाऊ फक्त म्हणाले, साहेब, चावी ठिवून जात जा. एवढंच. यापेक्षा शिव्या बऱ्या.
हौदाचं झाकण उचलून पाहिलं. तळाला वीतभर.

५ मे, रविवार
सासूबाई आल्या. न कळवता. वच्छलाबाई, नाशिक, गंगापूर रोड. नाशिकच्या लोकांना पाण्याबद्दल बोलायचा काय अधिकार? वरती धरणं धरून बसलेत, खाली जायकवाडीत आमच्या वाट्याला चिखल. हे मी त्यांना चहाच्या वेळी समजावून सांगितलं. त्यांनी चहा घेतला, कप विसळायला मोरीत गेल्या, नळ सोडला, कोरडाच होता, बंद केला. ड्रमचं झाकण उचललं. ठेवलं. मग लेकीच्या पायांवरची सूज बोटानं दाबून पाहिली. खड्डा पडला तो बराच वेळ तसाच राहिला.
म्हणाल्या, मी हिला नेते. मृण्मयीलाही.
मी म्हटलं, दुसरं बाळंतपण सासरी असतं. त्या म्हणाल्या, जिथं पाणी असतं तिथं असतं.
चारुताकडं पाहिलं. मला वाटलं ती नाही म्हणेल. ती बॅग भरत होती. आधीपासून भरत असावी, कारण निम्मी भरलेली होती.

७ मे, मंगळवार
गेल्या. रेल्वेनं.
मी म्हटलं, गाडी आहे ना! एवढी मोठी गाडी मी कुणासाठी घेतली? चारुता मधल्या रांगेत आडवी होईल, मृण्मयी मागं झोपेल, मी सावकाश चालवतो. चारुता म्हणाली, रेल्वेच्या संडासात निदान पाणी असतं. स्टेशनवर सोडायला मात्र आमची गाडी चालली. सामानासहित चार माणसं, पाच किलोमीटर. हा तिचा एकूण उपयोग.
मृण्मयीनं विचारलं, बाबा, तुम्ही कधी येणार? मी म्हटलं, मी नाही, तुम्हीच परत येणार, शाळा उघडायच्या आत. ठणकावून सांगितलं. प्लॅटफॉर्मवर दोघा-तिघांनी वळून पाहिलं.
ठराव: पंधरा जूनच्या आत सगळे परत. तोवर हौद भरलेला, गाडी पुसलेली.

१९ मे, रविवार
हिमांशू आई-बाबांना घेऊन गेला. महिनाभरासाठी, असं बाबांनी दोनदा सांगितलं. हेडक्लार्क माणूस एक गोष्ट दोनदा सांगतो तेव्हा ती खरी नसते, एवढं मी तीस वर्षांत शिकलोय.
त्याची गाडी छोटी आहे. अगदी डबी. त्यात आई ऐसपैस बसली, पाय लांब करून, वर म्हणाली, हिच्यात उलटी होत नाही बघ. मी म्हटलं, मी सोडतो पुण्यापर्यंत, माझ्या गाडीत. बाबा म्हणाले, अरे, तो आलाच आहे. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, रंगा, तुझ्यापुरतं पाणी पुरेल आता. समजूत घालायची ही काय पद्धत झाली?
हिमांशूनं जाताना हॉर्न वाजवला. कशाला वाजवायचा?

३० मे, गुरुवार
घरात मी एकटा. हौद काठोकाठ. एक माणूस किती पाणी वापरणार? दोन वेळा आंघोळ करून पाहिली. दुसऱ्या वेळी काय करतोय ते कळेना, तसाच मोरीत उभा राहिलो.
मात्र गल्लीत माझं वजन वाढलंय. आता रोज गाडीनंच चितेगावला जातो. खड्डे तर खड्डे. मागच्या दोन्ही रांगा आडव्या करून कंपनीच्या आरओचे वीस जार आणतो, गल्लीत वाटतो. मुक्ताबाईंनी पिठलं-भाकरी पाठवली. रामकिसनभाऊ म्हणाले, साहेब, गाडी घेतली ते लई ब्येस केलं. मी हे वाक्य बाबांना फोनवर जसंच्या तसं ऐकवलं. बाबा म्हणाले, छान. जेवलास का?
मुद्दा पुन्हा कळला नाही त्यांना.

११ जून, मंगळवार
दोन मुली! दुपारी सव्वातीनला. चारुता ठीक आहे. पोरी लहान आहेत, पण ठीक आहेत. सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी लॉकरपाशी उभा होतो, तिथंच खाली बसलो. साहेबांनी पाणी दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दहा मिनिटं कुणाचाही राग नव्हता. नोंद करून ठेवतो.
मग हिमांशूचा फोन आला. त्याला माझ्या आधी कळलं होतं.

२२ जून, शनिवार, नाशिक
बारसं. काल रात्रीच गाडी घेऊन आलो. मधली रांग पुसून ठेवली होती, तिसऱ्या रांगेत जुन्या रजया अंथरल्या होत्या. बेत असा की बारसं आटोपलं की चार दिवसांत सगळ्यांना घेऊन परत. आई-बाबाही पुण्याहून इथं आलेले. म्हणजे सातही जण एका जागी. सात सीट. मी कुणालाच न सांगता सगळं जुळवून आणलं होतं.
सकाळी सासूबाई म्हणाल्या, मोठी गाडी आहे तर स्टेशनवरून आमच्या लोकांना आणता का? आणलं. चारुताच्या दोन मावश्या, एक मामा, मामी, त्यांची सून, सुनेचा भाऊ. मी धरून सात. गाडी पहिल्यांदा पूर्ण भरली. माझ्या घरचं त्यात कुणी नव्हतं. तिसऱ्या रांगेतली मावशी म्हणाली, जावईबापू, ऐसपैस आहे हो गाडी. तिसऱ्या रांगेचं पहिलं कौतुक, तेही चुकीच्या माणसाकडून.
दुपारी चारुताला बेत सांगितला. तिच्या मांडीवर एक, शेजारी एक. मला अजून दोघींतला फरक कळत नाही. ती म्हणाली, अहो, मी आत्ता येत नाही. दिवसाला दोन डझन दुपटी पडतात. इथं नळ सोडला की पाणी येतं. मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, मृण्मयीचं इथल्या शाळेत बोलून ठेवलंय, जवळच आहे, ती चालत जाते. फक्त दाखला लागेल. तेवढा काढून पाठवा.
मी पुष्कळ बोललो. इतकं की एक मुलगी उठून रडायला लागली, मग दुसरी. सासूबाईंनी दार लोटून घेतलं, मी बाहेरच्या बाजूला राहिलो. मृण्मयी पायरीवर बसून शेजारच्या मुलीशी खेळत होती. मी विचारलं, तुला इथं आवडतं का गं? ती म्हणाली, इथं रोज डोक्यावरून आंघोळ मिळते.


२६ जून, बुधवार
अर्धी रजा टाकून मृण्मयीच्या शाळेत गेलो. खिडकीत मेघा मॅडम म्हणून क्लार्क बाई. दाखल्याचा अर्ज घेतला, रजिस्टर उघडलं आणि एकेक उतरवत गेल्या. मुलीचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, प्रगती चांगली, वर्तणूक चांगली. मग मान वर करून विचारलं, शाळा सोडण्याचं कारण?
मी सांगायला लागलो. गेल्या सालचा पाऊस. न आलेला नळ. बिल्डरनं खोटा दाखवलेला पोर्च. लोकांनी बाहेर काढलेले रॅम्प. गुरुवारचा टँकर शुक्रवारी आणणारा बद्रीनाथ. कंपनीचा लॉकरचा नियम. माझी सासू. माझा भाऊ. मागं रांग वाढत गेली, कुणीतरी घसा साफ केला, पण मी मधे थांबलो नाही, कारण एकदा कुठंतरी हे कागदावर नीट यायला हवं होतं. मॅडमनी पेन खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं. चांगल्या बाई आहेत. मग पेन उचलून त्या रकान्यात दोन शब्द लिहिले आणि कागद माझ्याकडं सरकवला.
शाळा सोडल्याचे कारण: पालकांच्या विनंतीवरून.
मी म्हटलं, मी कसलीही विनंती केलेली नाही. त्या म्हणाल्या, सर, सगळ्यांचं हेच लिहितो आम्ही. इथं सही करा.
रागाची वाट पाहिली. आला नाही. सही केली.